तोल कमी पडतोय

आमची स्वरा पडायची. उंबरा ओलांडताना पडायची, शाळेच्या रांगेत पडायची, बाजारात माझा हात धरून चालतानासुद्धा पडायची. सपाट जमिनीवर पडायलाही अंगात कला लागते, असं आमचे हे म्हणायचे आणि आम्ही सगळे हसायचो. गुडघा चोळत तीही हसायची. पुढे तिनं हसणं कधी बंद केलं, ते माझ्या लक्षात यायला जरा वेळच लागला.

हे लिहायला बसले ती ओतूरच्या बाजारात भेटलेल्या एका बाईमुळे. मेथीच्या जुड्या निवडता निवडता ती माझ्याजवळ सरकली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "ताई, तुमच्या पोरीला काय झालं व्हतं वो? माझा पोरगाबी सारखा पडतोय." जणू काही चोरीचा माल विचारत होती. मेथीचा भाव करता करता जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. उरलेलं हे. मी काही डॉक्टर नाही. बी. ए. झालेली, कांदालागणीत वाकून काम करणारी आणि तोंडानं जराशी तिखट अशी बाई आहे. जे भोगलं ते सांगतेय, औषध सांगत नाही.

घरातलं पोर

पिंपरी पेंढारच्या बाहेर मळ्यात आमचं घर. घरात आम्ही नवराबायको, सासूबाई आणि तेव्हा चौथीत असलेली स्वरा. सासूबाईंना मी आत्या म्हणते. घराच्या तिन्ही अंगांना ऊस आणि उसात बिबट्या. बाहेरच्या माणसांना ही गोष्ट वाटते. आमच्याकडे लाइट जावी तसं ते रोजचं झालंय. आमचं कुत्रं गेलं, शेजारच्यांची शेळी गेली, आणि त्यानंतर मळ्यातल्या पोरांचं अंगण गेलं.

शाळेत मोटरसायकलवर जायचं, मोटरसायकलवर यायचं. ऊन कलायच्या आत दाराला कडी. मग टीव्ही, मोबाइल आणि हातात बिस्किटाचा पुडा. पोर डोळ्यांसमोर आहे यातच आम्हाला सगळं मिळालं होतं. ज्यांनी उसाच्या कडेला राहून पोरं वाढवलेली नाहीत, त्यांनी यावर आम्हाला शहाणपण शिकवू नये.

स्वरा वाढत गेली, उंचीनं थोडी आणि अंगानं जास्त. दिवाळीचा फ्रॉक संक्रांतीला होईना. आत्यांना त्याचा कोण अभिमान! आल्यागेल्यासमोर तिला उभी करायच्या आणि म्हणायच्या, "बघा, माझी नात कशी भरलीया!" पावणेही मान डोलवायचे. आमच्याकडे पोर काटकुळं असलं तर चौकश्या होतात, गुबगुबीत असलं तर दृष्ट काढतात.

चारीवरचा खांब

आमच्या मळ्यातून शाळेला जवळची एक वाट आहे. मधे कालव्याची चारी लागते आणि तिच्यावर विजेचा एक जुना सिमेंटचा खांब आडवा टाकलाय. तोच पूल. सकाळी ऊन वर आलं की मळ्यातली पोरं एखाद्या मोठ्या माणसाबरोबर घोळक्यानं त्या वाटेनं जातात. आरडाओरडा करत, एकमेकांची दप्तरं ओढत. स्वरा मोटरसायकलवरून त्यांच्याकडे बघायची. "मला पण त्यांच्यासंग जायचंय," हा तिचा धोशा होता. नवं दप्तर नको, मोबाइल नको, तेवढंच हवं होतं.

एकदा मी घोडेगावला माहेरी गेले होते तेव्हा तिच्या पप्पांनी हो म्हटलं. खांबाच्या मधोमध तिचा पाय वाकडा पडला आणि ती खाली गेली. चारीला तेव्हा पाणी नव्हतं, चिखल होता, म्हणून मनगटावर निभावलं.

ह्यांनी तिला नारायणगावला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. प्लॅस्टर झालं. पण त्या डॉक्टरांची नजर मनगटावर नव्हतीच म्हणे. स्वरा टेबलावरून उतरली कशी, खाली पडलेली चप्पल घालताना कुठे कुठे धरलं, हे ते बघत राहिले. मी माहेराहून परतल्यावर जेवताना ह्यांनी आम्हा दोघींना त्यांचा निरोप सांगितला, "डॉक्टर म्हनले, हात होईल बरा. पन पोरीचा तोल कमी पडतोय, तिकडं लक्ष द्या. प्लॅस्टर निघालं की पुण्याला एकदा दाखवून घ्या."

माझा घास हातातच राहिला. आत्यांनी मात्र पदर खोचला आणि म्हणाल्या, "तोल कमी पडतोय ना? बघते आता मी."

मला वाटलं, ओझरच्या गणपतीला नवस बोलतील.

दुसऱ्या दिवशी चुलीवर डिंक तळायला पडला. लाडू झाले, खीर झाली, भाकरीवर तुपाची धार आली. मोडलेल्या हाडाला डिंकाचा लाडू कोण देत नाही? मलाही त्यात वावगं काही वाटलं नाही. उलट, सासू नातीसाठी एवढी राबते म्हणून मी माहेरी फोन करून कौतुक सांगितलं.

"माझे पाय खराब झालेत का?"

हात बरा झाला. पडणं वाढलं.

आता ती पडेल म्हणून घाबरून चालायची. भिंतीला हात लावून, खाली बघत. जिना आला की बसून उतरायची. शाळेच्या मैदानावर तिला बाईंच्या खुर्चीजवळ बसवून ठेवायला लागले. पोरांनी तिचं नाव 'रोडरोलर' ठेवलं. हे मला तिनं नाही सांगितलं, तिच्या मैत्रिणीच्या आईनं सांगितलं. तिच्या वाटचं रडून मी भांडी घासली.

एक दिवस वेणी घालताना तिनं आरशात बघत विचारलं, "मम्मी, माझे पाय खराब झालेत का?"

मी म्हटलं, "छे गं." आणि ती शाळेत गेल्यावर मोबाइलवर शोधत बसले. तुम्हाला एकच विनवणी, असं कधीही करू नका. पोर वरचेवर पडतं एवढंच लिहिलं तर त्या मोबाइलनं माझ्यासमोर आजारांची अशी अशी नावं काढली की ज्यांत पाय हळूहळू जातात आणि परत येत नाहीत. मी फोन पालथा ठेवला. पण वाचलेलं काही पालथं घालता येत नाही. त्यानंतर स्वरा बसलेली दिसली तरी मला ती कायमची बसलेली दिसायची. ह्यांना सांगायची हिंमत होत नव्हती. नंतर कळलं, ह्यांनीही ट्रॅक्टरवर बसून तेच वाचलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं. असा आमचा संसार.

वॉर्ड

पुण्याच्या हॉस्पिटलात तपासण्यांसाठी तिला दाखल करून घेतलं. तिथलं आयुष्य एका ठरलेल्या चाकोरीतलं असतं. सकाळी सिस्टर ताप बघायच्या, मग चहा, मग चादर बदलायला मावशी, मग डॉक्टरांचा राउंड. राउंडच्या वेळी सगळ्या आया साडी नीट करून उभ्या राहतात. आपण नीटनेटकं दिसलो तर डॉक्टर चांगली बातमी देतील, अशी काहीशी समजूत असावी. मीही उभी राहायची.

शेजारच्या खाटेवर जुन्नरच्या मुमताजभाभींचा मुलगा होता. भाभींचं घर शिवनेरीच्या पायथ्याच्या बाजूला, त्यामुळे पहिल्याच चहाला आमचं गाव जुळलं. मी तपासण्यांच्या रांगेत उभी असायची तेव्हा त्या स्वराची वेणी घालून ठेवायच्या, माझ्यापेक्षा घट्ट आणि सरळ. एकदा माझे डोळे भरलेले बघून म्हणाल्या, "रडायचं असंल तर आत्ताच रडून घ्या, पोरगी यायच्या आत. मी दाराकडं बघते." आणि खरंच दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तेवढ्या आडोशात मी पोटभर रडले. ते उपकार मी विसरायची नाही.

तपासण्या तरी किती! रक्त दे, डोळे दाखव, कान दाखव, पायाला तारा लाव. स्वरा सांगतील ते सगळं करायची. फक्त प्रत्येक खोलीच्या दाराशी माझा हात गच्च धरायची.

निदान

शेवटच्या दिवशी आत्या नातीला बघायला आल्या. हट्टानंच आल्या, हातात डबा घेऊन.

डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी स्वराला एका पायावर उभं राहायला सांगितलं. ती राहिली आणि लगेच कलंडली. डोळे मिटून दोन पायांवर उभं राहायला सांगितलं. ती डुलायला लागली. मला तर बघवेना. मग त्यांनी तिला जवळ बसवून विचारलं, "शाळेतून आल्यावर काय करतेस?"

"बसते."

"आणि मग?"

"मग पण बसते. बाहेर बिबट्या असतो."

डॉक्टरांनी आमच्याकडे बघितलं. ह्यांनी मान हलवली. त्या बाईंनी तपासण्यांचे कागद पुन्हा एकदा चाळले. मग कागद बाजूला ठेवून म्हणाल्या, "हिच्या नसा चांगल्या आहेत. स्नायू चांगले आहेत. कान, डोळे, मेंदू, सगळं चांगलं आहे. तुम्ही ज्याला घाबरून आलात ते हिला नाही."

मला 'नाही' एवढंच ऐकू आलं. ह्यांनी खुर्चीचा हात इतका घट्ट धरला होता की सोडताना बोटं आखडली.

पुढचं त्यांनी सावकाश समजावलं. शरीर भराभर जड झालं. ते पेलायची सवय पायांना लागायला हवी होती. ती पळण्यातून, चढण्यातून, उड्या मारण्यातून लागते. ते झालंच नाही. पडते म्हणून बसवली, बसली म्हणून वजन वाढलं, वाढलं म्हणून आणखी पडते. गोळी नाही, इंजेक्शन नाही. तिला उपाशी ठेवायचं नाही, वाढतं वय आहे. तूप, गोड, बिस्किटं कमी करायची आणि हलवायचं. वजन आहे तिथं थोपलं तरी उंची वाढता वाढता हिशेब जुळेल.

"खायला काय काय देता?" त्यांनी विचारलं.

आत्या पुढे झाल्या. आपलं काम सांगायची वेळ आली म्हणून त्यांचा चेहरा खुलला होता. "डॉक्टरीनबाई, त्याची काळजी करू नका. तोल कमी पडतोय म्हनल्यापासनं मी न्हाई काय कमी पडू दिलं. रोज दोन्ही वखताला लाडू. दुधात तूप. तरीबी तोल भरना व्हय?"

डॉक्टरांना काही समजेना. मला समजलं, ह्यांनाही समजलं आणि आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो.

आत्यांचं सगळं आयुष्य कांद्यात गेलं. बराखीत, म्हणजे साठवणीच्या चाळीत, कांदा ठेवला की तो सुकतो आणि बाजारात काट्यावर टाकला की तोल कमी भरतो. त्यांच्या तोंडी तोल म्हणजे वजन, दुसरा तोल नाहीच. डॉक्टर म्हणाले पोरीचा तोल कमी पडतोय, म्हणजे पोर वजनाला कमी भरतेय. मग भरायला नको?

ह्यांनी डॉक्टरांना ते सांगितलं. त्या बाई तोंडावर हात धरून हसल्या, सिस्टर हसल्या, आणि इतक्या दिवसांची भीती एकदम सुटल्यामुळे मी तर वेड्यासारखी हसले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. फक्त आत्या हसल्या नाहीत. त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं.

गप्प घर

आजार नाही म्हटल्यावर घरात आनंदीआनंद व्हायला हवा होता. झालं भलतंच. आत्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकणं सोडलं. "तुमचं तुमी वाढा," म्हणायच्या. "माझ्या हातानं वाईटच व्हतंय." स्वरा जवळ गेली की तिला हळूच माझ्याकडे ढकलायच्या.

मी काय कमी होते? माझाही राग निघाला. एका दुपारी भाकरी थापता थापता मी बोलले, की एकदा नीट विचारलं असतं तर पोरीचे एवढे हाल झाले नसते. आत्या उठून बराखीपाशी जाऊन बसल्या. ह्यांनी मला समजवायचा प्रयत्न केला तर मी म्हटलं, निरोप तुम्हीच आणला होता, नीट फोडून सांगायला काय झालं होतं? मग तेही गप्प. तिघं तीन दिशांना आणि मधे स्वरा, भिंतीला धरून.

तो गुंता तिनंच सोडवला. नारायणगावच्या फिजिओथेरपीच्या मॅडमनी तिला पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "लंगडी खेळतेस?" ती नाही म्हणाली. "घराजवळ शेताचा बांध आहे?" आहे म्हणाली. "मग तुला माझ्या मशिनी कशाला? बांधावरून चालायचं. आधी कुणाचा तरी हात धरून."

घरी आल्यावर मी हात पुढे केला. स्वरानं मान हलवली. "आजीचा पाहिजे," म्हणाली. "तू पडू देशील. आजी न्हाई पडू द्यायची."

आत्या बराखीपाशी बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं. उठल्या, पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "चल बाय."

बांध

बिबट्या काही आमच्यासाठी गाव सोडून गेला नाही. त्यामुळे आम्ही वेळ बदलली. ऊन चांगलं चटका द्यायला लागलं की शाळेच्या आधी बांधावर जायचं. ह्यांनी घरालगतचा उसाचा तुकडा मोडला आणि तिथं कांदा लावला, म्हणजे लांबवर दिसतं. ठिबकचा एक जुना पाइप अंगणात सरळ अंथरला. त्याच्यावर पाऊल ठेवत जायचं, पुढे तोंड करून, मग मागे. मळ्यातल्या पोरांना सांगून ठेवलं की सुट्टीच्या दिवशी लंगडी आमच्या अंगणात. पोरं आली. सुरुवातीला लंगडी घालताना स्वरा दुसऱ्या उडीला बसकण मारायची. पोरं हसली की आत्या ओट्यावरून ओरडायच्या, "ए, हसू नगा रं! तुमच्या बापालाबी येत नव्हती लंगडी, मी बघितलीय!"

बांधावरून तर ती इतक्यांदा वाफ्यात पडली की कांद्याची एक अख्खी ओळ चपटी झाली. हे म्हणाले, "असू दे, तेवढा कांदा तिच्या नावानं." पावसाळ्यात बांध निसरडे झाले तेव्हा सगळं बंद पडलं आणि ती परत मागे गेली. पुन्हा भिंत, पुन्हा खाली बघणं. मी पुरती खचले. आत्यांनी मग ओसरीतच खडूनं रेघ ओढली. पुढे हे, मधे स्वरा आणि मागे आत्या, अशी आमच्या घरात त्या रेघेवरून वरात निघायची.

खाण्याचं सांगते, कारण तेच सगळे विचारतात. तिच्यासाठी वेगळं काही शिजवलं नाही. वेगळं ताट वाढलं की पोराला शिक्षा वाटते. सगळ्यांच्याच भाकरीवरची तुपाची धार कमी झाली आणि बिस्किटाचा पुडा दुकानातच राहिला. ह्यांनी कुरकुर केली. करू दिली. वजनकाटा मी माळ्यावर टाकला. काट्यानं आमच्याकडे आधीच पुरेसा घोळ घातला होता.

फरक कधी पडला ते सांगता येत नाही. एक दिवस तिनं शाळेतून आल्यावर उभ्याउभ्या, कशालाही न धरता, चप्पल काढली. मी दारात होते. आत जाऊन आत्यांना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मी कवाच बघितलंय. तुला दिसायची वाट बघत व्हते."

परत चारीवर

स्वरा आजही काटकुळी नाही आणि व्हावी असं मला वाटतही नाही. भरल्या अंगाची आहे, उंच होतेय. पडते कधीतरी, जशी सगळी पोरं पडतात, आणि उठते. सकाळी मळ्यातल्या पोरांच्या घोळक्यात एकमेकांची दप्तरं ओढत शाळेला जाते. खांबावरून ती पहिल्यांदा नीट पलीकडे गेली तेव्हा आम्ही दोघं चारीच्या काठी उभे होतो. तिनं आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, पुढच्या मुलीशी बोलत बोलत गेली.

पण मला सांगायचंय ते परवाचं. चारीच्या पलीकडच्या तुकड्यात आमची कांद्याची लागण चालू होती. दुपारच्या उन्हात स्वरा आणि आत्या आमच्यासाठी भाकरी घेऊन येत होत्या. चारीला पाणी सुटलेलं. खांबाशी आल्यावर आत्या थांबल्या. त्यांचे गुडघे हल्ली दुखतात, फेरा मारून रस्त्यानं जाऊ म्हणाल्या. स्वरानं भाकरीचं फडकं आपल्या गळ्यात अडकवलं, पुढे झाली आणि म्हणाली, "माझे खांदे धर. खाली बघू नको."

आम्ही वाफ्यातून बघत होतो. हे धावत सुटणार होते, मी त्यांचा हात धरला. दोघी निघाल्या. खांबाच्या मधोमध आत्यांचा पाय घसरला. एका क्षणात त्या बाजूला कलल्या आणि सगळा भार स्वराच्या खांद्यावर आला. माझी पोर हलली नाही. गुडघे किंचित वाकवून, पाय रोवून, ती तशीच उभी राहिली. आत्या सावरल्या. मग दोघी सावकाश पुढे आल्या आणि काठावर उतरल्या.

आत्या मटकन खाली बसल्या आणि छातीला हात लावून म्हणाल्या, "आगं बाय माझे, तोल गेला व्हता गं माझा."

स्वरानं भाकरीचं फडकं खाली ठेवलं, कमरेवर हात ठेवले आणि विचारलं, "कुठला गं आजी?"

आत्यांनी तिच्याकडे बघितलं. मग त्या हसल्या. हॉस्पिटलात हसायचं राहिलं होतं, ते सगळं तिथं हसल्या.